उस्मानभाईंची माघार

उस्मानभाईंना हळू बोलता येत नसे. अमिरातीच्या पूर्व किनाऱ्यावर, खोर फक्कानच्या बंदरात येणाऱ्या जहाजांना भाजीपाला, मटण, पिण्याचं पाणी पुरवायचा त्यांचा धंदा होता, आणि सगळं तारुण्य लाँचमध्ये उभं राहून वरच्या खलाशांशी ओरडून बोलण्यात गेलेलं. आमच्या दुबईच्या मराठी मंडळाची कमिटी करामा भागातल्या एका उडुपी हॉटेलच्या माडीवर बसे. तिथेही ते त्याच आवाजात बोलत. "हे आपल्यातच ठेवा हां," असं ते म्हणाले की खाली गल्ल्यावर बसलेला शेट्टी मान वर करून बघे. आमचे अध्यक्ष नाना हसून म्हणत, "उस्मान, ठराव गुप्त आहे. शारजाला ऐकू गेला."

ते मूळचे रत्नागिरीकडचे. घरात कोकणी मुसलमानांची बोली, बाहेर आमच्यासारखीच मराठी. मंडळात उस्मान नावाचे ते एकटेच, तरी सगळे त्यांना 'खोरवाले' म्हणत. राहायला सगळ्यांत लांब आणि मीटिंगला सगळ्यांत आधी हजर. मसाफीचा डोंगर ओलांडून, निम्मा देश आडवा कापून ते यायचे. आम्ही करामातल्या करामात उशिरा पोचायचो आणि पार्किंग मिळालं नाही म्हणून सांगायचो. "तुमचं पार्किंग मीच खाल्लंय वो," ते म्हणायचे, "आत या आता."

येताना गाडीच्या डिकीत बर्फाची पेटी असे. कोणाकडे सुरमई चालते, कोणाकडे हलवा, कोणाच्या सासूबाई आल्यात म्हणून यंदा मासे नकोत, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं. बिल्डिंगखाली उभे राहून ते हाक मारत, "वहिनी, पिशवी घेऊन खाली या! सुरमई आहे!" आमच्या हिच्याबरोबर वरच्या मजल्यावरची मल्याळी बाईही पिशवी घेऊन उतरे. तिलाही ते रिकाम्या हाताने पाठवत नसत. पैशांचं नाव काढलं की चिडत. "सेक्रेटरी, मी जहाजाला विकतो. घराला विकत नाही."

गणपतीत हॉलबाहेरची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे असे. संध्याकाळची आरती सुरू व्हायची वेळ आणि त्यांच्या मगरिबच्या नमाजाची वेळ साधारण एकच. ते आम्हाला आत ढकलत आणि स्वतः मागच्या गल्लीतल्या मशिदीकडे निघत. एकदा एका नव्या सभासदाने जरा खोचकपणे विचारलं, "काय खोरवाले, आरतीला थांबत नाही?" ते म्हणाले, "तुम्ही तुमचं उरका, मी माझं उरकून येतो. मोदकाला दोघं एकदम बसू." आणि खरोखरच मोदकांच्या पंगतीत त्यांच्याइतका मनापासून जेवणारा दुसरा नव्हता.

एका शब्दाने मात्र त्यांचं डोकं फिरे. आखातात बायको बरोबर नसलेल्या माणसाला बॅचलर म्हणतात. फॅमिली व्हिसा मिळायला पगार तेवढा लागतो. त्यामुळे कामगारांच्या कॅम्पात राहणारे आमचे वेल्डर, फिटर, ड्रायव्हर सगळे बॅचलर. आमच्या मंडळाचं सभासदत्व फक्त फॅमिलीला. बॅचलरांना गणपतीच्या दर्शनाची रांग वेगळी, महाप्रसादाला शेवटची पंगत, आणि मत नाही. "बॅचलर कुठले?" उस्मानभाई कमिटीत गरजायचे. "गावाला बायको आहे, पोरं आहेत. ज्याचं पोरगं लग्नाला आलंय, त्याला तुम्ही बॅचलर म्हणता! लाज वाटू द्या." आम्ही हसायचो. नाना हसत नसत.

मग सोनापूरच्या कॅम्पात चिपळूणकडचा एक वेल्डर झोपेतच गेला. त्याचे सोबती मंडळाकडे आले. मृतदेह गावी पाठवायचा होता, कागदपत्रांत मदत हवी होती. मी सेक्रेटरी होतो. तो सभासद नाही, मंडळाला अधिकृतपणे काही करता येणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं. उस्मानभाईंना कळलं तेव्हा ते खोर फक्कानहून आले आणि पोलीस, इस्पितळ, कॉन्सुलेट, कार्गो असं सगळं पायाखाली घालून शवपेटी विमानात चढेपर्यंत घरी गेले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "सेक्रेटरी, त्याला आपल्यात घ्यायला तो मरायच्या आधी पण वेळ होता."

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत नानांनी सांगलीला परत जायचं ठरवलं. मंडळ स्थापन झाल्यापासून तेच अध्यक्ष. दर वर्षी सभेत कोणीतरी "नाना!" म्हणे, बाकीचे टाळ्या वाजवत, की झाली निवडणूक. आता खुर्ची पहिल्यांदाच रिकामी होणार होती आणि आम्हाला निवडणूक कशाशी खातात ते माहीत नव्हतं. उस्मानभाईंनी अर्ज भरला. त्यांचा जाहीरनामा एका वाक्याचा होता: "कॅम्पातल्या माणसाला सभासद करणार, मताचा हक्क देणार." समोर उभे राहिले आमचे साहेब. आमचे म्हणजे माझ्या कंपनीचे जनरल मॅनेजर. हुशार, टापटीप, स्पॉन्सर मिळवण्यात वाकबगार.

त्याच आठवड्यात नानांनी मला गाडीत सांगितलं, "उस्मान बसला त्या खुर्चीत तर मी निवांत जाईन. पण सभेपर्यंत बोलू नकोस कोणाला. अध्यक्षाने आधीपासून बाजू घेणं बरं नाही. सभेत मी स्वतः त्याचं नाव सुचवीन." ऊद मेथाच्या सिग्नलला गाडी उभी होती. हे ऐकणारा मी एकटा होतो.

उस्मानभाई निवडून येणार, हे आमच्या घरातच मला दिसत होतं. वहिनीमंडळींनी फोनाफोनी करून केव्हाच ठरवून टाकलं होतं. आमची ही म्हणाली, "तुमचे साहेब हॉटेलात डिनर देतील. खोरवाले रात्री-अपरात्री इस्पितळात येतील. आम्हाला कळत नाही होय?" मी म्हटलं, "हळू बोल." ती म्हणाली, "का? साहेब काय पलंगाखाली आहेत?"

साहेबांनी मला धमकी दिली, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी तसं काही केलं नाही. केबिनमध्ये फाइलवर सही करता करता ते म्हणाले, "परक्या देशात आपली माणसं मतांसाठी भांडताहेत, हे बरं दिसत नाही. बिनविरोध झालं तर छान. तुमचं उस्मानभाई ऐकतात म्हणे." बस, इतकंच. माझा व्हिसा त्यांच्या कंपनीवर होता, मुलगी बारावीला होती. आणि आणखी एक गोष्ट, जी मी आजवर बायकोलाही सांगितली नाही. मुंबईतल्या दंगली होऊन फार काळ लोटला नव्हता. मंडळाच्या लेटरहेडवर अध्यक्ष म्हणून उस्मान हे नाव छापलेलं मी मनात पाहिलं, आणि गावाकडचे लोक काय म्हणतील, असं मला वाटलं. ज्याच्या सुरमईवर माझी मुलं वाढली त्याच्याबद्दल मला असं वाटलं.

शुक्रवारी सकाळी मी खोर फक्कानला गेलो. उस्मानभाई दुकानाबाहेर बटाट्याची पोती उतरवून घेत होते. मला बघताच ओरडले, "अरे, सेक्रेटरी! या डोंगरापलीकडे रस्ता आहे, हे कळलं तर!" आत नेऊन चहा पाजला. मी म्हणालो, "नानांची इच्छा आहे, निवडणूक बिनविरोध व्हावी."

चहाचा कप त्यांनी खाली ठेवला. "नाना स्वतः बोलले?"

"हो."

"माझा अर्ज आल्यावर बोलले, की आधीच?"

इथेही मागे फिरता आलं असतं. मी म्हणालो, "आल्यावर."

त्यांनी उठून दारातलं एक पोतं भिंतीला सारून ठेवलं. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, बाकी कोणी नाही तरी नाना..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. "असो. नानांनी मला या देशात उभं केलं. त्यांचा शब्द मोडून मला कुठली खुर्ची नको. खलास."

ते नानांना फोन करून विचारणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. वडीलधाऱ्याने सेक्रेटरीच्या तोंडून निरोप धाडला की त्याची शहानिशा करणं म्हणजे त्याला खोटं पाडणं, असं आम्हा सगळ्यांचं वळण. त्या वळणाचाच मी फायदा घेतला. अर्ज मागे घेतल्याच्या चिठ्ठीवर त्यांनी सही केली. कारणाची जागा त्यांनी कोरी ठेवली होती. 'प्रकृतीच्या कारणास्तव' हे शब्द मी परतीच्या वाटेवर मसाफीच्या बाजारात गाडी थांबवून लिहिले.

उस्मानभाई सभेला आले नव्हते. नाना बोलायला उठायच्या आतच मी माइक हातात घेतला आणि साहेबांची बिनविरोध निवड जाहीर केली. टाळ्या झाल्या. नानांचा चेहरा मी पाहिला नाही, पाहायचा टाळला. नंतर जिन्यात त्यांनी मला गाठलं. "काय झालं रे त्याला?"

"झेपणार नाही म्हणाले."

"पण मला एक शब्द नाही?" नाना म्हणाले. "मला वाटायचं, आपलं एवढं तरी आहे."

नाना गेले त्या दिवशी विमानतळावर सारं मंडळ लोटलं होतं. हारतुरे, फोटो, रडणं. नाना सारखे लोकांच्या खांद्यांवरून दरवाजाकडे बघत होते. उस्मानभाई आले नाहीत. सांगलीहून नानांनी कधी फोन केला नाही, खोर फक्कानहूनही कधी गेला नाही. दोन जिवाभावाची माणसं एकमेकांवर रुसून म्हातारी होत राहिली आणि दोघांमधला एकमेव निरोप्या मी होतो.

साहेबांनी कारभार वाईट केला, असं मी म्हणणार नाही. कार्यक्रम मोठ्या हॉलमध्ये गेले, मुंबईहून कलाकार आले. पण कॅम्पातल्यांच्या सभासदत्वाचा विषय पुन्हा कधी अजेंड्यावर आला नाही. पुढे महाप्रसादाची ती शेवटची पंगतही वेळेअभावी बंद झाली. उस्मानभाईंनी कमिटी सोडली. कोणी कॅम्पात आजारी पडलं, मेलं, तर लोक सरळ त्यांनाच फोन करत.

आमच्या बिल्डिंगखालची हाक मात्र थांबली नाही. "वहिनी, पिशवी!" मी खाली जायचं टाळायचो. एकदा सापडलोच. माझा हात हातात घेऊन ते म्हणाले, "सेक्रेटरी, तुमचं एक मला आवडलं. बाकीचे माझ्यामागे बोलले असतील. तुम्ही एवढ्या लांब येऊन तोंडावर सांगितलंत." त्या दिवशीचा हलवा हिने तळला. मला ताप आल्याचं सांगून मी जेवलो नाही.

नाना वारल्याची बातमी मीच त्यांना फोनवर सांगितली. त्यांनी दिवस आणि वेळ विचारून घेतली. मग त्यांनी विचारलं, "शेवटी शेवटी माझं नाव वगैरे काढलं का?"

नानांच्या मुलाने मला सांगितलं होतं, की नाना शेवटच्या आजारात विचारायचे, उस्मान माझ्यावर का रागावला? मी म्हणालो, "बोलणं बंद झालं होतं म्हणे."

नवं शतक उजाडून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा उस्मानभाई गेले. दुकानातच, दुपारच्या वेळी. त्यांच्यात दफन लगेच होतं. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. कब्रस्तानाबाहेर पिकअप आणि कंपन्यांच्या बसेस उभ्या होत्या. निळ्या, केशरी कपड्यांतली कॅम्पातली माणसं गटागटाने परतत होती. कोणी कोकणातलं, कोणी साताऱ्याकडचं, सगळी आपली मराठी बोलत. मंडळाचा मी एकटाच होतो.

त्यांचा मुलगा यासिन शारजात शिकलेला, इंग्रजीतच बोले. मला ओळखून तो जवळ आला. "अंकल, अब्बा ऑलवेज वाँटेड टू आस्क नानाअंकल वन थिंग."

"काय?"

"नानांना माझ्यात काय कमी दिसलं." हे मात्र त्याने मराठीत म्हटलं, वडिलांच्या तोंडून अनेकदा ऐकलेलं असावं तसं. "दॅट्स ऑल. ही नेव्हर आस्क्ड."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे बेटा," म्हणालो, आणि गाडीत येऊन बसलो.

आता मी नाशिकला मुलीकडे असतो. मंडळाच्या नव्या मुलांनी स्मरणिकेसाठी उस्मानभाईंवर लिहायला सांगितलं, सोबत मंडळाचा इतिहास पाठवला. त्यात अजून तेच छापलंय, प्रकृतीच्या कारणास्तव माघार. ते शब्द माझे आहेत, त्यांचे नाहीत. उस्मानभाईंची प्रकृती ठणठणीत होती. ते माघारी गेले नाहीत, मी त्यांना माघारी धाडलं. पुढच्या वेळी छापाल तेव्हा तेवढं दुरुस्त करा.

आणि यासिनला मराठी वाचता येत नाही, तेव्हा कोणीतरी त्याला हे वाचून दाखवा. नानांना तुझ्या अब्बांमध्ये काहीच कमी दिसलं नव्हतं, बाळ. त्यांनी दुसऱ्या कोणाचं नावच घेतलं नव्हतं.