भिंतीला आलेलं पोट

वर्गात सगळे त्याला मिस्त्री म्हणत. बावीस वर्षं त्याने भिंती बांधल्या, पाडल्या. एक भिंत गुडघ्यावर कोसळली, तेव्हा ते काम सुटलं आणि बेचाळिसाव्या वर्षी तो संगणकावर सिनेमासाठी खोटी पडझड करायला शिकू लागला. पहिल्या प्रकल्पात आपटला होता. यातही आपटला, तर पटावरून नाव कमी. बायको रोज एवढंच विचारायची, "आज काय पाडलंत?"

प्रकल्प सहा सेकंदांचा होता : विटांची जुनी भिंत कोसळते. जोडीला चष्मेवाली, त्याच्या मुलीच्या वयाची. बारा वाजेपर्यंत निवडलेल्या सॉफ्टवेअरचं नाव सरांच्या फळ्यावर लिहायचं. एकदा लिहिलं की बदल नाही.

"काका, सगळ्यांचं तेच घेऊ. एक बटण, की भिंतीचा भुगा." तिने दाबून दाखवलं. टोकदार तुकडे चहूकडे उडाले.

"हा आरसा फुटला," मिस्त्री म्हणाला. "भिंत विटेत फुटत नाही, सांध्यात सुटते."

"सरांना कुठे कळतंय?"

"मला कळतंय ना."

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सांध्याला वेगळी ताकद देता येई. पण ते मुंगीच्या पावलाने चाले, आणि वर्गात ते अजून कुणालाच वश झालं नव्हतं. मिस्त्री सकाळपासून एकेका सांध्याला आकडा देत होता. खाली ओल मुरते, तिथे कमी. खिडकीच्या कोपऱ्यात त्याहून कमी.

"अंदाजपंचे ना, काका?"

"अंदाजच. बावीस वर्षांचा."

बाराला दहा कमी असताना चाचणी तयार झाली. पडद्यावर भिंत उभी. एक सेकंद गेला, दुसरा गेला. भिंत ढिम्म.

"बोंबललं!" चष्मेवाली पडद्याला नाक लावून चूक शोधू लागली. "काहीच हलत नाहीये. आता तरी ऐका, मी ते बटणवालं लिहून येते."

मिस्त्रीला तिचं ऐकूच आलं नाही. तळाच्या सांध्यातून वाळूची बारीक धार लागली होती. वर, मधोमध, भिंत बोटभर पुढे आली होती. पोट आलं होतं तिला. गुडघा गेला त्या दिवशीही असंच पोट त्याने पाहिलं होतं. पाहून म्हणाला होता, जेवून आलो की बघू.

त्याने चष्मेवालीची खुर्ची धरली आणि हिसका देऊन ओढली. "मागे हो!"

अख्खा वर्ग वळला. पडद्यावर भिंत सांध्यासांध्यातून सुटत खाली बसली, आवाज न करता, आणि धूळ थेट काचेपर्यंत आली.

"मिस्त्री, अहो, भिंत पडद्यात आहे!" मागून कुणीतरी हसलं.

चष्मेवाली हसली नाही. चष्मा एका कानाला लोंबत होता. मिस्त्रीने खुर्ची अजून सोडली नव्हती.

"काका, बारा वाजतायत," ती हळूच म्हणाली. "तुम्हीच तुमचं लिहा जा. मी बसते इथेच, लांब."

गुडघा ओढत तो फळ्याकडे निघाला.