गाळ समजून फेकलेलं औषध

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर आज सुविचाराऐवजी माझा सकाळचा अनुभव वाचा.

मी इथं सांगलीत एका दवाखान्यात कंपाउंडर आहे. इस्लामपूरकडच्या एक मावशी पुन्हा आल्या. उसाचा पाला लागून हातांवर पुरळ उठलेलं, त्यावर लावायला मी गुलाबी औषध घोटून दिलं होतं.

“आवं, कायबी फरक न्हाई. लय खाजतंय.” खाजवून खाजवून हात रक्ताळले होते.

डॉक्टर औषध बदलायला निघाले. मी मावशींची बाटली बघितली. आत नुसतं नितळ पाणी.

“हलवून लावत होता ना?”

“पयल्या दिशी हलवली की. मग निवळत ठिवली. वरचं नितळ घेतलं, तळाचा गाळ टाकला. नदीचं पाणी आमी तसंच घेतो.”

“मावशी, त्या गाळातच औषध होतं.”

नवी बाटली त्यांच्यासमोर हलवली आणि औषध त्यांच्या हाताला लावलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, “गार वाटतंय.”

बाटली हलवा, हे मी सगळ्यांना सांगतो. का हलवायची, ते आज पहिल्यांदा सांगितलं.

तुमच्या घरातली बाटली कुणी निवळत तर ठेवली नाही ना?