भारीतलं औषध

“मॅडम, ह्यापेक्षा भारीतलं न्हाई का काय?”

घोटावड्याचे आण्णा सलाइनच्या बाटलीकडे बघून विचारत होते. बेडवर त्यांची दहा महिन्यांची नात होती. ताप, रक्ताचे जुलाब, मलूल डोळे. आण्णांबरोबर निम्मी भावकी आली होती. बाटली मोठी असली की भावकीचा डॉक्टरवर विश्वास बसतो, म्हणून मीही ती काढत नव्हते.

नेहमीचं अँटिबायोटिक सुरू करूनही ताप हटेना. मग ब्लड कल्चरचा रिपोर्ट आला. कल्चर म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून कुठल्या औषधाने मरतात ते बघणं. जंतू साल्मोनेला निघाला आणि माझ्या औषधाला रेझिस्टंट. म्हणजे औषध पोटभर पिऊनही ठणठणीत. एवढ्या लहान बाळाच्या रक्तात असा जंतू फिरत असताना वाट बघणं परवडत नाही. रिपोर्टमध्ये चालणारं म्हणून दिलेलं औषध मी लगेच सुरू केलं.

“घरी हिला आधी काही दिलं होतं?”

“न्हाई,” बाळाची आई, म्हणजे आण्णांची सून, म्हणाली. “पर दिवसभर कोंबड्यांतच रांगती. सापडंल ते तोंडात.”

“आमच्या कोंबड्या लई निरोगी!” आण्णा उसळले. “आजारी पडायच्या आधीच रोज पाण्यातनं औषध देतो. एक कोंबडी शिंकत न्हाई.”

त्यांनी अभिमानाने मोबाइलवर बाटलीचा फोटो दाखवला. औषध माझ्या आधीच्या, हरलेल्या औषधाच्याच घराण्यातलं होतं.

“आण्णा, रोज थोडं थोडं दिलं की कच्चे जंतू मरतात, पक्के उरतात. मग संसार त्यांचाच वाढतो, आणि कोंबड्यांच्या विष्ठेतनं रांगणाऱ्या बाळाच्या तोंडात जातो.”

“म्हंजी माज्या कोंबड्यांनी केलं?”

“कोंबड्यांची तपासणी केलेली नाही, त्यामुळे शपथेवर सांगणार नाही. पण संशय आहे. आणि कोंबड्यांवर नाही, तुमच्यावर.”

भावकीतलं कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून बाहेर जाऊन हसलं.

ताप उतरला. बाळ आण्णांच्या मिशा ओढू लागलं, तेव्हा घरी सोडलं. आण्णांनी नव्या औषधाची चिठ्ठी नीट घडी करून खिशात ठेवली आणि हळूच विचारलं,

“मॅडम, आधीचं तर कुचकामी निघालं. मग ह्ये कोंबड्यांना चालंल का?”

मी चिठ्ठी परत मागितली आणि सुनेच्या हातात दिली. तिने ती सासऱ्यांसमोर पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

हल्ली बाळाला घरी सोडताना मी घरात कोण कोण असतं ते विचारते. कोंबड्यांसकट.