ब्रेकताईंची भोवळ

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकून गेलेल्या निम्म्या लोकांना ताईंचं खरं नाव ठाऊक नाही. त्या सगळ्यांच्या ब्रेकताई. शिकवताना त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, पण गाडीसमोर काही आलं की एकच शब्द, ‘ब्रेक’, आणि तो असा यायचा की फुटपाथवरून चाललेला माणूसही जागच्या जागी थबकायचा. मीसुद्धा त्यांच्याच शेजारी बसून शिकले, अठराव्या वर्षी. स्कूल तेव्हा माझ्या वडिलांचं होतं. ते गेल्यापासून मी बघते. ताई अजूनही मला ‘अगं’ म्हणतात, मी त्यांना ‘अहो’ म्हणते, त्यामुळे मालकीण कोण हे नव्या माणसाला मुद्दाम सांगावं लागतं.

ताई पहिल्यापासून अंगाने भरलेल्या. त्यावरून कुणी काही बोलायच्या आत त्या स्वतःच बोलून मोकळ्या व्हायच्या. ‘माझ्या बाजूला एअरबॅगची गरज नाही,’ असं प्रत्येक नव्या शिकाऊला सांगायच्या. पण गेल्या तीन-चार वर्षांत विनोद कमी झाले. गुडघे धरायला लागले. शुगर वाढली. आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतात, आणि ब्रेकपर्यंत पाय पटकन जात नाही हे त्यांच्या लक्षात आलं, त्या दिवशी त्या ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसल्या. नंतर म्हणाल्या, ‘ज्याच्यासाठी लोक मला ओळखतात, तेच मला जमेना गं.’

डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. जठर लहान करायचं आणि आतड्याचा पुढचा भाग थेट त्याला जोडायचा. खाणं एकदम कमी होतं, वजन उतरतं. मात्र नंतर जन्मभर पथ्य. साखर तर वर्ज्यच. ताईंनी महिनाभर विचार केला आणि हो म्हणाल्या.

खरा घोर लागला तो भाऊजींना. भाऊजी म्हणजे ताईंचे यजमान. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करतात. बोलणं कमी, हात अतिशय नेमका. दुकान उशिरा उघडतं, म्हणून त्यांच्या घरात स्वयंपाक लग्नापासून भाऊजींकडे. ताईंनी पोटभर जेवावं, दुसऱ्यांदा वाढून घ्यावं आणि ‘आज जमलंय हं’ असं म्हणावं, एवढ्यावर त्या माणसाचा दिवस गोड व्हायचा. ऑपरेशननंतर ताई तीन चमचे सूप प्यायच्या आणि वाटी सरकवायच्या. भाऊजी ती वाटी धरून उभे राहायचे.

सकाळी मात्र एक पेलाभर प्रथिनांची पावडर दुधातून घ्यायचीच होती. सुरुवातीला ती ताईंच्या घशाखाली उतरेना. खडू विरघळवून दिल्यासारखी लागते म्हणायच्या, नाक दाबून प्यायच्या, दोनदा उलटून पडली. मग एके दिवशी सांगू लागल्या, ‘अगं, यांनी नवीन डबा आणलाय, चॉकलेटच्या चवीचा. बिनसाखरेचाच आहे, पण काय छान लागतो!’ तेव्हापासून सकाळचा पेला भाऊजींनी करायचा आणि ताईंनी गटागटा प्यायचा, असं ठरूनच गेलं.

आठ महिन्यांत ताई निम्म्या झाल्या. जुने शिकाऊ रस्त्यात ओळखेनात. आणि ब्रेकवर पाय आता विजेसारखा जायचा.

मग तो दिवस आला. सकाळी साडेनऊच्या सुमाराला ताई एका निवृत्त ग्रंथपाल बाईंना शिकवत होत्या. वय बासष्ट, हौस दांडगी, स्टिअरिंग असं घट्ट धरायच्या की जणू ते कुणी उसनं घेऊन परत करणार नाही. रस्ता सरळ होता, समोर सिग्नल. तो लाल झाला. ग्रंथपाल बाई ताईंच्या ‘ब्रेक’ची वाट बघत राहिल्या. तो शब्द आलाच नाही. त्यांनी डावीकडे पाहिलं तर ताईंची मान खिडकीवर टेकलेली, डोळे अर्धवट उघडे, चेहरा घामाने थबथबलेला. बाईंनी सगळं बळ एकवटून ब्रेक दाबला, वर हॅण्डब्रेकही ओढला. पुढच्या ट्रकच्या आणि गाडीच्या मध्ये हातभर जागा उरली होती. बाई खाली उतरल्या आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून हाका मारू लागल्या.

मी पोचले तेव्हा रुग्णवाहिका आली होती. त्यातल्या परिचारिकेने ताईंच्या बोटाला सुई टोचली आणि आकडा पाहून ओठ आवळले. साखर अडतीस. सलाइनमधून साखर चढली तशा ताई शुद्धीवर आल्या. पहिला प्रश्न, ‘गाडी कुणाला लागली का?’

दवाखान्यात त्यांच्या ऑपरेशनच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. या ऑपरेशननंतर काही गोड पोटात गेलं, की ते थेट आतड्यात उतरतं. रक्तात साखर एकदम चढते, तिला आवरायला शरीर गरजेपेक्षा जास्त इन्शुलिन सोडतं, आणि दीड-दोन तासांनी साखर धाडकन खाली येते. घाम, थरथर, भोवळ.

‘तर गोड काय खाल्लंत?’ शेजारी बसलेल्या आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं.

‘काहीच नाही,’ ताई म्हणाल्या.

‘बिस्किट? ज्यूस? चहात साखर?’

‘चहासुद्धा सोडलाय हो मी. सकाळपासून फक्त पावडरचं दूध.’

‘पावडर कोणती?’

उत्तर भाऊजींनी दिलं. ‘बिनसाखरेची. मी स्वतः डबा वाचून आणतो.’

यातला शब्दन् शब्द खरा होता. मी तिथेच होते, भाऊजींचा आवाज जराही हलला नाही. आहारतज्ज्ञ बाई हसल्या, लहान मुलाची चोरी पकडल्यावर हसतात तसं. ‘ताई, आकडा खोटं बोलत नाही. पुढच्या वेळी मन झालं तर आधी मला फोन करा.’ आणि फाइलवर लिहिलं, पथ्य पाळत नाहीत.

बाहेर बाकावर ताईंची नणंद बसली होती. तिने तर आडपडदाच ठेवला नाही. ‘इतक्या वर्षांची खायची सवय, पोट कापलं म्हणून जीभ थोडीच कापली जाते!’ ताईंनी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी बहिणीला गप्प करावं, एवढंच ताईंना हवं होतं. भाऊजी औषधांची चिठ्ठी वाचत राहिले.

डॉक्टरांचं पत्र येईपर्यंत ताईंना गाडीत बसवता येणार नव्हतं. मी त्यांना वर्ग दिला, रस्त्यावरच्या खुणा शिकवायला. पंधरा दिवसांनी तिथेच, फळ्यावर लिहिता लिहिता, त्यांच्या हातून खडू पडला आणि त्या भिंतीला पाठ घासत खाली बसल्या. या वेळी शुद्ध होती. ‘पर्समधल्या गोळ्या दे,’ म्हणाल्या. मी पर्स उघडली. डॉक्टरांनी अशा वेळेसाठी दिलेल्या ग्लुकोजच्या गोळ्या वरच होत्या. त्या दिल्या. आणि मग, आज लिहितानाही मान खाली जाते, मी पर्स बंद केली नाही. आतला कप्पा चाचपला. चॉकलेटचा कागद सापडतो का, बघत होते.

मान वर केली तर ताई माझ्याकडेच बघत होत्या.

‘ताई, खरं सांगा,’ मी म्हटलं. ‘मी काही बोलणार नाही.’

‘तूसुद्धा?’ एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर ताई स्वतःवरच पहारा ठेवू लागल्या. तोंडात गेलेला प्रत्येक घास वहीत लिहायच्या. आपण झोपेत उठून खातो की काय, अशीही शंका त्यांनी घेतली. भाऊजींना विचारलं, ‘मी झोपेत चालते का हो?’ भाऊजी म्हणाले, ‘डोक्याला इतका ताप करून घेऊ नकोस.’ वर म्हणाले, ‘घरीच राहा ना थोडे दिवस.’

पुढचं मला ताईंनीच सांगितलं.

नणंदेच्या यजमानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, म्हणून भाऊजी तीन दिवसांसाठी तिच्याकडे गेले. पहिल्या सकाळी ताईंनी आपला पेला आपण केला. तोच डबा, तेच माप, तेच दूध. एक घोट घेतला आणि बेसिनमध्ये थुंकला. पावडर नासली असेल म्हणून डब्यावरची तारीख पाहिली. तारखेला वर्ष बाकी होतं. दुसरा पेला केला, पुन्हा तसाच. चॉकलेटचा नुसता वास आणि त्याखाली तोच जुना खडू.

‘मी पेला हातात धरून उभी होते,’ ताई म्हणाल्या. ‘कळायला एक क्षण लागला. पटायला तीन दिवस.’

तीन दिवस त्यांनी नाक दाबून तो खडू प्यायला. रोज दोन तासांनी बोट टोचून बघितलं. पंच्याऐंशी. नव्वद. अठ्ठ्याऐंशी. ना घाम, ना थरथर.

भाऊजी परत आले. ताई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अनवाणी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. भाऊजींची पाठ होती. त्यांनी दूध ओतलं, पावडर घातली, ढवळली. मग वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढला. दोन चमचे भरून घातले. चमच्याने चव पाहिली, क्षणभर विचार केला आणि आणखी अर्धा घातला.

‘किती दिवसांपासून?’ ताईंनी विचारलं.

भाऊजी दचकले नाहीत. पेला ओट्यावर ठेवून पाठमोरेच म्हणाले, ‘तू उलट्या करायचीस. बघवत नव्हतं मला.’

‘तेव्हाचं विचारत नाही. डॉक्टरांनी सगळं समजावल्यावर?’

‘आठ दिवस बंद केली होती. तू पुन्हा अर्धा पेला टाकायला लागलीस. म्हटलं, थोडीशी...’

‘अडीच चमचे?’

भाऊजींनी साखरेच्या डब्याला झाकण लावलं.

‘मी गाडीत होते. शेजारी एक बाई होती. समोर ट्रक होता.’

‘तसं होईल असं वाटलं नव्हतं गं.’

‘पहिल्यांदा वाटलं नसेल. दुसऱ्यांदा?’

यावर भाऊजी जे बोलले, ते सांगताना ताईंचा आवाज पहिल्यांदा फाटला. ते म्हणाले, ‘माझ्या हातचं तू आता काहीच खात नाहीस. हा एकच पेला तू सगळा संपवायचीस. छान झालाय म्हणायचीस.’

मला विचाराल तर त्या माणसाची मला दयाही आली. ताईंना मी तसं म्हटलंही. त्या उसळल्या नाहीत. म्हणाल्या, ‘साखर घातली, ते वेडं प्रेम म्हणून एक वेळ गिळलं असतं. पण दवाखान्यातल्या त्या बाईने मला चोर ठरवलं तेव्हा हे दोन हातांच्या अंतरावर बसले होते. वन्सं बोलल्या तेव्हा शेजारी होते. मी झोपेत चालते का, म्हणून यांनाच विचारलं गं मी! मला वेड लागायची पाळी आली, आणि उत्तर यांच्या खिशात होतं.’

त्यांनी भाऊजींकडून एकच गोष्ट करवून घेतली. त्यांना घेऊन दवाखान्यात गेल्या, आहारतज्ज्ञ बाईंसमोर बसवलं आणि म्हणाल्या, ‘सांगा.’ भाऊजींनी सांगितलं, खाली मान घालून, दोन वाक्यांत. बाई ओशाळल्या. म्हणाल्या, ‘असं असेल याची आम्हाला कशी कल्पना येणार?’ ताई म्हणाल्या, ‘मी सांगत होते ना.’ फाइलमधली ती ओळ खोडायला सांगितली. खोडता येत नाही, खाली नवीन नोंद करता येते, असं कळलं. मग तशी करवून घेतली आणि समोर बसून वाचली.

नणंदेला सांगायचं काम भाऊजींचं होतं. त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

तीन महिने बोटं टोचून झाल्यावर डॉक्टरांनी पत्र दिलं, आणि ताई पुन्हा गाडीत बसल्या. ग्रंथपाल बाई हट्टाने थांबून राहिल्या होत्या, दुसऱ्या कुणाकडे शिकणार नाही म्हणत. त्यांना परवाना मिळाला. माझ्यापुरतं म्हणाल तर मी माफी मागितली. ताई म्हणाल्या, ‘तू पर्स तरी माझ्यासमोर उघडलीस.’ हे माफ करणं होतं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

ताईंनी घर सोडलं नाही. लोकांना वाटतं सगळं मिटलं. दोघं बाजाराला बरोबर जातात, एकाच टेबलावर बसतात. स्वयंपाक अजून भाऊजीच करतात. फक्त ते करत असताना ताई ओट्याशेजारी स्टूल घेऊन बसतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि नजर हलवत नाहीत. भाऊजी प्रत्येक डबा उघडायच्या आधी त्यांच्या बाजूला वळवून दाखवतात. तीस वर्षं त्या घरात ताटात काय आहे हे कुणी विचारलं नव्हतं.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. भाऊजींनी माझ्यासमोर चहा ठेवला आणि साखर वेगळ्या वाटीत दिली. ताई म्हणाल्या, ‘घे, तुझी तू घाल.’

भाऊजी आत निघून गेले.