महालिंगप्पांचा पत्र्याचा कारभार

मुरुमच्या महालिंगप्पांनी जन्मभर लोकांच्या लग्नपत्रिका छापल्या. पत्रिका मोबाईलवर फिरू लागल्या तसा छापखाना बसला, मशीन भंगारात गेलं. छपाईचे ॲल्युमिनियमचे जुने पत्रे आणि शाईचे रबरी रूळ मात्र आप्पांनी काही केल्या दिले नाहीत. ते वाकवून, एकात एक गुंतवून त्यांनी दुकानापुढं पुरुषभर उंचीचं शिल्प उभं केलं. ते कशासारखंच नव्हतं, आणि नसावंच असा आप्पांचा हट्ट होता. एखाद्यानं तरी ते नुसतं डोळे भरून बघावं, एवढीच त्यांची भूक.

पण बघतंय कोण! आधी ‘हे काय हाय?’ विचारून लोकांनी त्यांचं डोकं उठवलं. कुणी कूलर म्हणालं, कुणी टॉवर. शेजारच्या रेवणसिद्धनं तर गोठ्याचं भोक बुजवायला त्यातलाच एक पत्रा मागितला. मग कुणाला तरी पत्र्यांवर छपाईची फिकट अक्षरं दिसली आणि कहरच झाला. पंचक्रोशीतली निम्मी लग्नं त्या शिल्पावर होती! बाजाराला आलेला जो तो मान वाकडी करून आपली पत्रिका शोधू लागला.

“आप्पा, जरा वर चढू का?” रेवणसिद्ध म्हणाला. “आत्याच्या पत्रिकेत ‘किलबिल’मधी माझं नाव हाय.”

“अरे, वाचू नका, बघा!” आप्पा कडाडले. आता फक्त रडायचं बाकी होतं. एकदाची ती अक्षरंच घासून टाकावीत म्हणून त्यांनी आतून पॉलिश पेपर आणला.

तेवढ्यात भाजी विकून घरी निघालेली म्हातारी सीताबाई थांबली. तिनं डोक्यावरची पाटी उतरवली, शिल्पाभोवती एक फेरी मारली, वाकलेल्या पत्र्यावरून हात फिरवला आणि मागं सरून बघत राहिली.

“मावशी, तुमच्या घरची पत्रिका न्हाय त्यात,” आप्पा वैतागून म्हणाले. “उगं शोधू नका.”

“मला वाचाय येतंय कुठं, आप्पा? नुस्तं बघायलेय.”

आप्पांनी पॉलिश पेपर खाली ठेवला. त्यांना भरून आलं. अखेर एक माणूस भेटलं होतं! मग मात्र त्यांना धीर निघेना. ते लगबगीनं तिच्याजवळ गेले, आणि ज्या प्रश्नानं त्यांचा जीव नकोसा केला होता, जवळपास तोच त्यांच्या तोंडून निघाला.

“मावशी, काय दिसतंय तुम्हाला?”

सीताबाईच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“आवो, बघू द्या की जरा गुमान!”