मंगलच्या बापूंची खरी वाक्यं

अख्ख्या सुरतेत एकदाही खोटं न बोलता इंग्रजी शिकलेला माणूस एकच, आणि तो भेस्तानच्या चाळीत आमच्या खालच्या खोलीत राहत होता. मी स्वतः मराठी शाळेत इंग्रजी शिकवत होते, तेव्हा हे विधान मी माझ्यासकट सगळ्यांना मोजून करते आहे. चाळ त्यांना मंगलचे बापू म्हणायची. मूळचे खानदेशातले, लूमच्या कारखान्यात दिवसपाळीचे कारीगर. बारा-बारा तास मागांच्या खडखडाटात उभं राहून कान अधू झालेले, त्यामुळे 'चहा घेतला का' एवढंसुद्धा ते पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात विचारत. तरुणपणी दहावीला इंग्रजीने त्यांना पाडलं होतं. त्या इंग्रजीवर त्यांनी राग धरला नाही, हा त्यांचा पहिला विक्षिप्तपणा. दुसरा असा की एकुलती एक मंगल आठवीत गेली त्या दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि मुलीच्या आधी स्वतःच अभ्यासाला बसले.

त्यांना नाद होता तो इंग्रजीतल्या जोडक्रियांचा. साधा 'गिव्ह' घ्या. त्याला 'अप' लावला की सोडून देणं, 'इन' लावला की नमतं घेणं, 'अवे' लावला की वाटून टाकणं. बापूंना याचं कोण अप्रूप! "लूम तोच, बाई. बाना बदलला का कापड न्यारं," असं ते मला पुन्हा पुन्हा ऐकवत; बाना म्हणजे कापडातला आडवा धागा. रोज सकाळी कामावर गेल्यावर ते मागाच्या लाकडी चौकटीवर खडूने एक जोडक्रिया लिहीत आणि संध्याकाळपर्यंत तिचं वाक्य मिळवत. मिळवत म्हणजे बनवत नसत. ते घडावं लागे. घडलं की ते वहीत उतरवायचं आणि पुढे लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. न घडलेलं वाक्य त्यांच्या लेखी खोटं होतं, आणि खोटं वाक्य लिहिणं म्हणजे तुटलेला धागा लपवून कापड पुढे सरकवणं.

पहिल्याच आठवड्यात मला याचा प्रसाद मिळाला. 'रन अवे'चं वाक्य मागायला ते आले. मी कॉलेजपासून पाठ असलेलं वाक्य फेकलं: चोर माझी पर्स घेऊन पळून गेला. बापूंनी पेन्सिल खाली ठेवली.

"हाऊ चोर कोन शे, बाई?"

"चोर म्हणजे... कोणीही."

"तुमनी पर्स कधी चोरी गयी?"

"नाही गेली."

"मंग हाई वाक्य खोटं शे," असं म्हणून ते अत्यंत दुःखी चेहऱ्याने जिना उतरून गेले. मी बी.एड. झालेली बाई, पण त्या दिवशी मला वर्गात शिकवताना घसा खाकरावा लागला.

त्यांच्या घरात स्टोव्ह विझला आणि रॉकेल संपलं तेव्हा मंगलची आई, आमच्या काकू, कपाळाला हात लावून बसल्या, आणि बापू वही काढून म्हणाले, "रन आउट!" चार दिवस त्यांची दाढ ठणकत होती, तेव्हा 'पुट ऑफ'च्या पानावर त्यांनी लिहिलं की मी भीतीपोटी दाढ काढणं पुढे ढकलतो आहे, आणि ते चारचौघांत मोठ्याने वाचूनही दाखवलं. माणसं शहाणपण मिरवायला इंग्रजी बोलतात, हे गृहस्थ इंग्रजीतून आपला भित्रेपणा कबूल करत. 'फॉल आउट' म्हणजे बिनसणं, ते पान मात्र तीन वर्षं कोरं राहिलं, कारण त्यांचं कोणाशी बिनसतच नव्हतं. शेवटी कोपऱ्यावरच्या किराणावाल्या गुजराती काकांना दया आली. "लो, आपणे झगडी लईए. तमारुं पानुं भराई जाय," ते म्हणाले. बापूंनी प्रस्तावावर गंभीरपणे विचार केला आणि नकार दिला. "ठरायीसन करेल भांडन खरं नही ऱ्हास."

मंगल याच शिस्तीत वाढली. ती वडिलांपेक्षा हुशार आणि वडिलांइतकीच हट्टी. तिच्या वहीतही सगळी वाक्यं खरी. दहावीच्या वर्षी तिचा मामा गावाहून आला आणि कडोदऱ्याचं एक स्थळ पुढे ठेवून गेला. मुलगा कामाला लागलेला, माणसं ओळखीची. काकूंच्या मनात भरलं. बापू म्हणाले, पोर शिकणार. मामा म्हणाला, पास झाली तर शिकवा, नापास झाली तर तुळशीचं लग्न लागलं की हिचंही लावून टाकू. त्या एका पेपरावर मंगलचं पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मंगल इंग्रजीत दोन मार्कांनी नापास झाली.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं, कुठे गेले मार्क? तिने पेपर जसाच्या तसा सांगितला. निबंध लिहिला, पत्र लिहिलं. 'गिव्ह इन'चा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा, असा दोन मार्कांचा प्रश्न होता. तो तिने कोरा सोडला होता.

"अर्थ येत नव्हता?"

"येत होता, बाई. पण बापूंनी कधी कोणापुढे हार मानली नाही, मीपण नाही. मग कोणाचं लिहू?"

परीक्षेत खोटं चालतं, हे मी त्या पोरीला एकदाही सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, ते सगळ्यांना जन्मतःच माहीत असतं. खालून काकूंचा आवाज येत होता: "तुमना खरा वाक्येस्ना मुये पोर नापास व्हयनी!" बापूंचे कान अधू होते, पण एवढं त्यांना ऐकू गेलं. त्यांनी मामाकडून फेरपरीक्षेपुरती मुदत कशीबशी मागून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू आवाजात बोलताना पाहिलं.

लूमच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी ते मंगलला घेऊन जिन्याच्या पायरीवर बसले. मी वरच्या दारातून पाहत होते. 'गिव्ह इन'चं कोरं पान उघडून त्यांनी लिहायला सुरुवात केली. राजाने शत्रूपुढे हार पत्करली. शिपायाने हार पत्करली. कपाळावरून घाम गळत होता. बारा तास मागापुढे उभा राहणारा माणूस एकेका ओळीला दम घेत होता. मंगलने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मग तिने विचारलं,

"बापू, हाऊ राजा कोन शे?"

त्यांनी मान वर केली नाही.

"शे कोनी तरी. तू लिख."

ती आपल्या वहीत लिहीत गेली. मी दार लोटून घेतलं, कारण मला रडू आलं होतं.

फेरपरीक्षेत मंगल पास झाली. नंतर पुष्कळ शिकली. मामाने कडोदऱ्याच्या त्या मुलाला दुसरी मुलगी पाहून दिली आणि त्याचं-मंगलचं दोघांचंही भलं झालं. काही वर्षांनी बापूंच्याने पाळी होईना, तेव्हा ते गावी परत जायला निघाले. जाताना वर आले आणि वही माझ्या हातात दिली. म्हणाले, "भरी गयी, बाई." फॉल आउटचं पान तेवढं कोरंच होतं.

ते गेल्यावर मी 'गिव्ह इन'चं पान शोधलं. राजा, शिपाई, चोर, वाघसुद्धा, अशी दहा वाक्यं होती आणि एकापुढेही लाल खूण नव्हती. खाली थोडी जागा सोडून अकरावं वाक्य होतं, जिन्यावरच्या त्या दुपारची तारीख घालून: 'टुडे आय गेव्ह इन, फॉर मंगल.' त्याच्यापुढे लाल पेन्सिलीची खूण होती, इतकी दाबून केलेली की मागच्या पानावर उमटली होती.

अजून वर्गात मुलं त्या प्रश्नाला राजाच लिहितात. हा राजा कोण, असं त्यांना विचारावंसं वाटतं. पण मी पूर्ण मार्क देते आणि पुढचा पेपर घेते.