कॅमेऱ्याचे भोपळे

बाहत्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास एका सिनेमाचं शूटिंग सांगलीला, कृष्णेच्या पात्रात चाललं होतं. नावेत आम्ही तिघं होतो: नावाडी, कॅमेरामन आणि त्याचा मदतनीस म्हणजे मी. पोहता न येणारा मी एकटाच. आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला वाळके भोपळे बांधतात. तसलेच भोपळे मागवून आमच्या लोकांनी ते कॅमेऱ्याच्या तिवईला बांधले. नावाड्याने मला विचारलं, “आन् तुमाला न्हाई व्हय?” राग आला होता, पण नोकरी नवी होती.

भर पात्रात नाव एका अंगाला कलली, पाणी आत आलं आणि मी तिवईवर आदळलो. नाव सावरली. काठावरून दोन-तीन आवाज एकदम आले, “कॅमेरा ठीक आहे का?” मी हात हलवून ठीक असल्याचं सांगितलं. खांदा ठणकत होता.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी भोपळ्यांच्या गाठी मीच आवळल्या आणि दिवसभर तिवईला बिलगून बसलो. कुणी विचारलं तर कॅमेरा सांभाळतोय म्हणायचं, असं ठरवून ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही.